मुलानं नऊवारी नेसायची तर (तीस-बत्तीस वर्षं साड्या नेसवणारीचं उत्तर)

चिपळूणकडच्या एका मुलानं विचारलंय, त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजच्या एकांकिकेत त्याला बाईची भूमिका मिळालीये, विनोदी नाही, सिरियस, नऊवारीतली पन्नाशीची बाई. तालमीत पोरं फिदीफिदी हसतात. घरी वडील म्हणाले "बायल्यासारखं काय करतोस", आणि गंमत म्हणजे याचे आजोबा गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या त्या लोकनाट्यात, गवळण व्हायचे, त्याचं मात्र घरात कौतुक आहे, फोटो लावलाय. तर त्याचे प्रश्न तीन. पूर्वी पुरुष बाईचं काम करायचे तेव्हा मान होता मग आता हसं का, पुरुषाच्या अंगावर नऊवारी बसवायची कशी, आणि तिसरा प्रश्न त्यानं तीनदा खोडून लिहिल्यासारखा वाटला, की साडी नेसल्यावर मला बरं वाटतं, म्हणजे मी "तसा" आहे का.

अरे बाळा, क्रम उलटा लावला असतास तर बरं झालं असतं. असो. मी ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या, दुकानात इस्त्री करायला लागले तिथपासून धरलं तर बत्तीस वर्षं झाली, त्यात गॅदरिंगच्या शिवाजींपासून व्यावसायिक नाटकांपर्यंत सगळ्यांना कपडे घातलेत, आणि पुरुषांना साड्या नेसवल्यात त्या काही शेकड्यांत जातील. त्यामुळे जे माहितीये ते सांगते, पुस्तकी थोडं, हातचं जास्त.

आधी मानाचं बघू. मान होता हे खरं, पण तो सगळ्यांना नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना का होता हे कोणी नीट सांगत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीतास्वयंवर केलं तेव्हापासून बाईचं काम पुरुषच करणार हे धरूनच चाललं होतं, कारण घरंदाज बाई स्टेजवर येणार नाही, आणि जी बाई चार लोकांसमोर गाते-नाचते ती घरंदाज धरायची नाही. मग १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, पुढे बाईच्या भूमिकांनी गाजलेले भाऊराव कोल्हटकर आले, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व १९०५ ला किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची तीसेक वर्षं महाराष्ट्रात सुंदर बाई कशी दिसते हे एका पुरुषानं ठरवलं. हे अतिशयोक्ती नाही. चांगल्या घरातल्या बायका त्यांचा पदर कसा आहे, केस कसे बांधलेत, दागिने कुठले घातलेत हे बघून घरी तसं करायच्या. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, एकेका भूमिकेच्या साड्यांवर त्यांनी पैसा असा ओतला की कंपनी कर्जात गेली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेलं, त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर नायक धैर्यधर म्हणून केशवराव भोसले उभे होते, आणि हे केशवराव स्वतः लहानपणी शारदा करून गाजलेले! म्हणजे स्टेजवरचा नायक नि नायिका दोघंही साडीतून गेलेले. १९६४ ला बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं.

आता याच्या शेजारी तमाशातला नाच्या ठेव. तोही पुरुष, तोही बाईसारखा लचकतो, मुरडतो, आणि तोही पोटासाठीच उभा आहे. त्याला काय मिळालं? शिव्या, शिट्ट्या, आणि गावात पोराबाळांना टोमणे. गणपत पाटील आमच्या कोल्हापूरकडचे, सिनेमात नाच्या म्हणून इतके गाजले की घरी बायको-मुलं असलेल्या त्या माणसाला आयुष्यभर लोकांनी "तसलाच" ठरवलं, त्यांच्या मुलांना सुद्धा ते सोसावं लागलं. बालगंधर्वांना हा प्रश्न कोणी विचारला नाही असं नाही, कुजबुज तिथेही होती, पण शालूच्या नि गाण्याच्या दबदब्याखाली ती दबून गेली. तमाशा कुठल्या जातींनी जगवला आणि संगीत नाटकाच्या पुढच्या रांगेत कोण बसायचं हे बघितलंस की फरक कळतो. साडी तीच असते रे. ती कुठल्या मांडवात नेसलीस त्यावर तिचा भाव ठरतो.

तिसरा एक पुरुष साडीतला आहे तो आपण विसरतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, आणि हातात परडी घेऊन दारात येतात, साडीचोळीत, कपाळभर भंडारा. त्यांना लोक हसत नाहीत. घाबरतात. पाया पडतात, जोगवा घालतात, आणि घरात मात्र बसवत नाहीत. कर्नाटकात मंजम्मा जोगती, जन्मानं मुलगा पण देवीला सोडल्यावर बाई म्हणून राहिलेल्या, तिथल्या जानपद म्हणजे लोककला अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली, तर त्यांनी राष्ट्रपतींसमोर आपल्या पद्धतीनं पदरानं दृष्ट काढली तो व्हिडिओ तू बघितला असशील, सगळ्यांच्या फोनवर फिरला होता.

म्हणजे एक माणूस साडीत पद्मभूषण, एक साडीत देवीचा, एक साडीत टवाळीचा.

मग हसं कधी सुरू झालं? माझ्या समजुतीप्रमाणे बायका स्टेजवर आल्यावर. आता हे वाक्य बायकांवर ढकलल्यासारखं होईल म्हणून नीट ऐक. १९२९ ला हिराबाई बडोदेकरांनी स्त्री-पुरुष एकत्र असलेली कंपनी काढली, १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेनं आंधळ्यांची शाळा हे नाटक केलं त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या, आणि एकदा खरी बाई उभी राहायला लागल्यावर बाईचं काम मन लावून करणाऱ्या पुरुषाची गरज संपली. उरलं काय, तर विनोद. साडीतला पुरुष म्हणजे हसायचं हे तिथून पक्कं झालं आणि टीव्हीच्या कॉमेडी शोंनी त्यावर शिक्का मारला. तुझी पोरं हसतायत त्यांचा दोष नाही, त्यांनी आयुष्यात साडीतला पुरुष फक्त हसण्यासाठीच बघितलाय.

पण म्हणून जुन्या काळाला डोळे मिटून नमस्कार करू नकोस. मला बाई म्हणून त्यात एक राग पण आहे. बालगंधर्व रुक्मिणी होत होते तेव्हा ज्या बायकांना गाता येत होतं त्यांनी स्टेजवर यायचं नाही असाच रिवाज होता. फाळक्यांना १९१३ ला राजा हरिश्चंद्रची तारामती करायला एक बाई मिळेना, नाटकातल्या तर सोडच, नाचगाण्याच्या धंद्यातल्या बायकांनी पण नाही म्हटलं, शेवटी हॉटेलात आचारी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. आणि बाकीच्या पोरांना बायका करायचं तर मिश्या काढाव्या लागणार, तर पोरं तयार होईनात, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर! त्याच वर्षी मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, त्यांनी काय ऐकलं असेल ते ऐकलं असेल. तर पुरुष साडी नेसून मोठा झाला त्यात बाईला घरी बसवलेलं होतं, हे पण मोजायचं. उलटी गंमत अशी की बेळगावकर बायकांची एक कंपनी होती, नुसत्या बायकांची, त्यात राजा-प्रधान-खलनायक सगळे पुरुष बायकाच करायच्या. त्यांच्या नावानं कुठे थिएटर बांधलेलं मला माहीत नाही.

जगात बाकी ठिकाणीही हेच, जपानच्या काबुकीत १६२९ ला बायकांना बंदी घातली आणि पुरुष स्त्रीपात्रं करायला लागले, इंग्लंडात १६६० पर्यंत मुलगेच राण्या व्हायचे, चीनमध्ये मेइ लानफांग बालगंधर्वांच्याच काळात बाईच्या भूमिकांनी देश गाजवत होता. ते राहू दे, आपल्या घरचं बघू.

कपड्यांचं बाई-बुवा असं दोन खोक्यांत वाटप झालंय ना, ते आपल्याकडे आत्ता आत्ताचं आहे. माझ्याकडे पेशवाईची नाटकं येतात तेव्हा मुलांना ट्रायलला घालायला द्यायचं काय काय असतं बघ: घेरदार जामा, तो घातला की फ्रॉक घातल्यासारखा फिरतो, गळ्यात मोत्याच्या माळा, कानात भिकबाळी, डोक्याला शिरपेच, हातात कडी, खांद्यावर जरीचा शेला. जेम्स वेल्सनं सवाई माधवरावांचं चित्र काढलंय त्यात बघ दागिने. आजच्या मुलाला तेवढं घालून एफसी रोडवरून चालवलं तर वडील काय म्हणतील? आणि नऊवारीचा काष्टा नि धोतराचा काष्टा शेजारी शेजारी ठेवून बघ, मागून दोन्ही सारखेच जातात. नऊवारीच्या खाली परकर नसतो, पाय मोकळे, शेतात वाकता येतं, घोड्यावर बसता येतं. पाचवारी गोल साडी आली ती नंतर, आणि ती जास्त "बायकी" झाली कारण त्यात धड पळता पण येत नाही.

१८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे माझा प्रवासमध्ये लिहितात की लक्ष्मीबाई कधी साडीत असायच्या, कधी पायजमा वगैरे पुरुषी पोशाख करून कमरेला तलवार लावायच्या. भटजीबुवांना त्यात काही खटकलेलं दिसत नाही. पण पुढे काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात जोडे घालून, हातात छत्री धरून रस्त्यानं निघाल्या तर लोकांनी दगड मारले, कारण जोडा नि छत्री ही पुरुषाची मक्तेदारी. राणीला तलवार चालते, भटाबामणाच्या बायकोला छत्री चालत नाही. असा सगळा हिशेब.

आज तुझ्या वर्गातल्या मुली जीन्स-शर्ट घालतात त्याला कोणी वेषांतर म्हणत नाही. बाई पुरुषाचं घालते तेव्हा ती एक पायरी चढली असं धरतात, म्हणून "मर्दानी" हे कौतुक. पुरुष बाईचं घालतो तेव्हा तो घसरला, म्हणून "बायल्या" ही शिवी. मूळ शिवी तुला नाहीच आहे, ती बाईला आहे, तू नुसता मध्ये सापडलास. मोर्चेवाले साहेबाला बांगड्यांचा आहेर देतात, साडीचोळी देतात, ते काय मान म्हणून? एकदा माझ्या काउंटरवर एका पक्षाची पोरं आली होती, म्हणाली ताई एक टाकाऊ साडी द्या, साहेबाच्या टेबलावर ठेवायचीये. नाही दिली असं इथे लिहायला फार आवडलं असतं. दिली. शंभर रुपये आले. रात्री जेवताना नवरा म्हणाला तू रोज जी नेसतेस तीच साडी शिवी म्हणून विकलीस की, तर घास अडकला, पण पैसे काही परत करायला गेले नाही.

बरं, आता तुझ्या कामाचं.

पहिली गोष्ट दिग्दर्शकाला विचार, प्रेक्षकांना साडीच्या आत पुरुष दिसायला हवाय की नको. हे ठरल्याशिवाय ब्लाउज सुद्धा शिवू नका. मोरूची मावशी घे. विजय चव्हाणांची मावशी गाजली कारण नऊवारीतून पुरुष सारखा डोकावत होता, फुगडी घालताना दंड दिसतोय, चाल दणकट आहे, तोच विनोद आहे. तिथे जर कोणी हुबेहूब बाई उभी केली तर नाटक पडेल. तुझं उलटं आहे. तुझ्याकडे बघताना पहिल्या पाच मिनिटांनंतर लोकांनी "मुलगा आहे" हे विसरायला हवं, आणि ते मेकअपनं होत नाही, साडीच्या बसण्यानं आणि तुझ्या उभं राहण्यानं होतं.

साडी निवडताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघ. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, लांबी पुरते, पण उंच मुलांची अडचण पन्ह्यात येते, कमी पन्ह्याची साडी घेतलीस तर काष्टा मारल्यावर पोटऱ्या उघड्या पडतात आणि तू बाई न दिसता कबड्डीला निघालेला दिसतोस. मोठ्या पन्ह्याची, सुती, जरा वापरलेली घे. कोरी साडी फुगते. सिल्क घसरतं. शिवलेली नऊवारी मिळते पायजम्यासारखी चढवायची, नाचाला, झटपट चेंजला ठीक, पण तुझ्यासारख्या भूमिकेला नको, ती कॅलेंडरसारखी सपाट बसते, बाई दिवसभर वावरलीये असं तिच्यात कधी दिसत नाही.

आतून सायकलिंग शॉर्ट्स. त्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि मागे कापसाचं पॅडिंग, पण गादीसारखं नको, कापडाच्या पट्टीवर शिवून घे म्हणजे सरकत नाही. सगळे जण छातीच्या मागे लागतात, खरी गोम कमरेत आहे. पुरुषाची कंबर नि नितंब एका रेषेत जातात, तिथे जरा गोलाई आली की वरचं कमी केलं तरी चालतं, पन्नाशीच्या बाईला तर कमीच कर. ब्लाउजचं माप पॅडिंग घातल्यावर घ्यायचं, आधी नाही, ही चूक दर वर्षी कोणीतरी करतं. खांदे रुंद असतील तर खांद्याची शिवण आत ओढून घ्यायची, बाही कोपरापर्यंत, गडद रंग, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा, तुझी बाई जुन्या वळणाची आहे तर ते शोभेल पण आणि अर्धा खांदा झाकला जाईल.

नेसताना गाठ नेहमीच्या धोतरासारखी बेंबीखाली मारायची सवय असते मुलांना, ती वर घे, बेंबीच्या वर, म्हणजे पाय लांब दिसतात आणि धड आखूड. मग पदर, मग निऱ्या, त्या पायांमधून मागे काष्टा, आणि पुढे ओचा, म्हणजे कमरेत खोवलेला पुढचा घोळ. ओचा कसा खोवायचा हे मला एका पुरुषानं शिकवलंय.

सिंधुदुर्गात एका जत्रेत गेले होते, सुरुवातीची वर्षं होती, मला वाटायचं आपल्याला सगळं येतं. देवळाच्या मागच्या पडवीत दशावतारी मंडळी रंगत होती, प्रत्येकाची आपली ट्रंक, आपला आरसा, आपले रंग, तिथे कोणी मेकअपमन नसतो. दशावतारात आजही बाईचं काम करायला पुरुषच असतो, स्त्रीपार्टी म्हणतात, आणि वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर अशा कंपन्यांचे नाटक ठरवताना गावकरी आधी विचारतात स्त्रीपार्टी कोण आहे. ओमप्रकाश चव्हाणांसारखा स्त्रीपार्टी असला की बायका रात्रभर हलत नाहीत. तर तिथे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ, दिवसा शेती, रात्री तारामती, त्यांना मी आगाऊपणानं म्हटलं मी नेसवू का. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या स्वतःच्या अंगावरच्या नऊवारीकडे बघितलं, त्या दिवशी मी हौसेनं नेसले होते, आणि म्हणाले, "गो बाये, ओचो थय नाय, हय खोव." आणि लांबूनच बोटानं दाखवलं. मी खोवला. तोपर्यंत माझी साडी पुढून सैल पडायची ती रात्रभर हलली नाही. मग रात्री दोनला तेच गृहस्थ एका लाकडी बाकड्यावर तारामती होऊन बसले, पुढे पेटी, पखवाज, झांज, बाकी काही नाही, संवाद पण लिहिलेले नसतात, मनानं बोलतात, आणि माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत होती. सकाळी ते लुंगी नेसून देवळासमोर चहा पीत होते, तीच म्हातारी त्यांना "काय रे, चेडवाचा लग्न ठरला काय" म्हणून विचारत होती. कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. तुझ्या आजोबांची गवळण अशीच असणार. वडिलांना कळत नसेल असं नाही, त्यांना गावचं नमन माहितीये, कॉलेजची एकांकिका माहीत नाही, देवापुढे नाचलेलं चालतं आणि परीक्षकांपुढे नाही असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असेल. त्यांना इतिहास सांगत बसू नकोस, आजोबा पदर कसा घ्यायचे ते विचार. त्यांना आठवत असणार, पोरांना असलं सगळं आठवतं.

पुढे. गळ्याची घाटी दिसते ती मेकअपनं जात नाही, तिथे चिंचपेटी किंवा ठुशी घट्ट आणि वर बांध. नाक टोचायची गरज नाही, दाबाची नथ मिळते, पण पन्नाशीची कष्टकरी बाई असेल तर नथ नकोच, उगाच लग्नाला निघाल्यासारखी दिसेल. बांगड्या दोन-दहा किंवा दोन-बारा मापाच्या लागतील, कासाराकडे स्वतः जाऊन भर, काचेच्या हव्यात कारण त्यांचा आवाज लागतो, आणि भरताना हात ढिला सोड, मुलं ताठ करतात आणि फोडून घेतात. दाढी प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी कर, लगेच आधी केलीस तर बेस चरचरतो, आणि हिरवट निळी झाक दिसते त्यावर बेसच्या आधी नारिंगी करेक्टर पातळ लाव. भुवया कोरू नकोस, कॉलेज सुरू आहे तुझं, ओल्या साबणानं चेपून वरून बेस लावला की बसतात. टोप भाड्यानं घेणार असशील तर आंबाडा आधीच बांधलेला मागू नकोस, सुटा टोप घे आणि आंबाडा तालमीत स्वतः बांधायला शीक, जरा वाकडा आला तर उत्तम, घरातल्या बाईचा आंबाडा वाकडाच असतो. पूर्वी सफेदा नि पिवडी खोबरेलात कालवून तोंडाला फासायचे, तुम्ही नशीबवान आहात.

आणि पंधरा दिवस साडीत राहा. तालमीपुरतं नाही, साडी नेसून केर काढ, जमिनीवर बसून भाजी चिर, बादली उचल. बाईची चाल म्हणून जी कंबर हलवतात ना मुलं, ती बाईची चाल नाहीये, ती मुलांच्या डोक्यातली बाई आहे. मी एकोणसाठ वर्षांची आहे, एकदाही तशी चाललेली नाही. साडी नेसून काम केलंस की पाय आपोआप पावलं लहान टाकतात, हात आपोआप पदराकडे जातो, उठताना गुडघ्यावर हात येतो. ते घ्यायचं.

पिना. काष्ट्याला एक मोठी सेफ्टी पिन आतून, पदराला एक, बस. मी एकदा एका मुलाला भीतीपोटी अकरा पिना लावल्या होत्या, स्टेजवर तो खाली बसला, एक पिन उघडली, ती बाकीच्यांना ओढत गेली आणि काष्टा भर प्रवेशात सुटला. बिचारा तसाच साडी हातात धरून बोलत राहिला आणि टाळी घेऊन आला, पण विंगेत मी घामानं भिजले होते. चूक माझी होती, गाठ सैल मारली होती आणि पिनांवर भरवसा टाकला होता. नऊवारी गाठीवर उभी राहते.

आता तिसरा प्रश्न.

माझ्या दुकानात वर्षाला चार-पाच पुरुष असे यायचे की "गॅदरिंगसाठी साडी हवीये" म्हणायचे आणि तेव्हा कुठलंच गॅदरिंग नसायचं, मे महिना असायचा. सुरुवातीला मी कुठलं कॉलेज, कुठला डान्स असं विचारायचे, ते गडबडायचे, परत यायचे नाहीत. मग विचारणं बंद केलं. त्यातले काही घरी बायको-पोरं असलेले, नुसती साडी नेसून तासभर आरशात बघायची एवढीच त्यांची हौस, बाकी काही नाही. एक जण होता, म्हणजे मला तेव्हा "होता" वाटत होता, ती आज बाई म्हणून राहते, माझ्याकडून ब्लाउजचं कापड घेऊन जाते आणि घासाघीस करते. आणि दशावतारातले ते गृहस्थ, त्यांना साडी म्हणजे नांगरासारखं हत्यार होतं, काम झालं की ट्रंकेत. तिन्ही वेगवेगळी माणसं. तिघांच्या अंगावर कापड तेच होतं, त्यावरून मला काही कळलं नाही, तुलाही तुझ्या अंगावरच्या साडीवरून लगेच काही कळणार नाही. तुला बरं वाटतं म्हणतोस, तर भूमिका अंगात बसायला लागली की कोणालाही बरं वाटतं, किंवा अजून काही असेल. मे महिन्यात बघ. एकांकिका संपलेली असेल, कोणी बघत नसेल, तेव्हा काय वाटतं ते तुझं तुला कळेल, आणि जे कळेल त्याची कोणाला घाईनं तारीख सांगायची नसते. "तसा" हा शब्द मात्र टाकून दे, त्याला काही अर्थच नाही, नुसता धाक आहे.

कायद्याचं भ्यायचं कारण नाही. एक काळ होता, इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदणी करून घेतली आणि नोंद झालेला माणूस बायकी कपडे-दागिने घालून रस्त्यावर दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद. कपड्यासाठी कैद! तो भाग गेला, पण तो धाक पोलिसांच्या नि शेजाऱ्यांच्या डोक्यात शंभर वर्षं राहिला. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला सांगितलं की आपण पुरुष, बाई की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या, आणि त्याच निकालात कपडे हा सुद्धा माणसाच्या अभिव्यक्तीचाच भाग धरलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा काच गेला. रस्त्यावर कोणी अंगावर आलं तर निकालाचा कागद मध्ये पडत नाही हे मलाही कळतं, म्हणून तालमीहून घरी जाताना साडी बॅगेत घालूनच जा, यात शरम नाही, रात्रीची एसटी आहे.

हसणाऱ्या पोरांचं काही करू नकोस. पहिल्या रंगीत तालमीला पूर्ण कपड्यात ये, त्याआधी अर्धवट, जीन्सवर पदर गुंडाळून असा त्यांच्यासमोर उभा राहू नकोस, अर्धवटाला लोक हसतात.

आणि भाड्याची साडी असेल तर प्रयोग झाल्यावर घामट तशीच घडी घालून पिशवीत कोंबू नकोस, आधी सावलीत वाळव, बगलेला लागलेला बेस ओल्या फडक्यानं टिपून घे, पिना मोजून काढ. परत आलेल्या साडीत राहिलेली पिन इस्त्रीवालीच्या बोटात जाते, माझ्या डाव्या अंगठ्याला अजून खूण आहे.